सोळाखणीतली थाप

“मग ते मशीन त्यालाच का, वस्ताद?”

इलाही वस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर बेदाणे पसरले होते. एकेक बेदाणा उचलून ते त्याचा देठ खुडत होते.

“त्याचं घर खालीच हाय,” वस्ताद म्हणाले. “जिना न्हाई. मशीन जड हाय.”

धैर्यशील घोरपडे त्या देठांकडे बघत राहिला. अंधारात पुण्याहून गाडी काढून, सगळा रस्ता मनात भाषण घोकत तो तासगावला आला होता. उत्तर मिळालं ते जिन्याचं.

वस्ताद म्हणजे त्या भागातला ढोलकीचा शेवटचा शब्द. बेदाण्याच्या गोडाऊनवर त्यांची एक खोली होती. खोलीत एक गादी, भिंतीला टांगलेल्या ढोलक्या, आणि कोपऱ्यात हिरव्या चादरीखाली झाकलेलं ते मशीन.

मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाहीतर एका जुनाट कॉम्प्युटरसाठी शहाणासुरता माणूस पुण्याहून का येईल, ते कळायचं नाही.

त्या कॉम्प्युटरमध्ये एकच सॉफ्टवेअर होतं. ढोल, ताशा, ढोलकी, जे काय वाजवाल त्याची एकेक थाप त्यात भरून ठेवायची, आणि बटण दाबलं की ती थाप वाजायची. परदेशातल्या कुठल्याशा लहान कंपनीनं ते काढलं आणि मग बंद करून टाकलं. पुढे कंपनीही बंद झाली. नव्या कॉम्प्युटरवर ते उघडतच नाही. त्याचं खरं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

पडदा राखाडी. त्यावर मिसळणाच्या डब्यासारखे सोळा खण. एका खणात एक थाप, की-बोर्डवर तिचं एक बटण. सतरावा खण नाही. म्हणून सगळे त्याला सोळाखणी म्हणतात.

आणखी एक गोष्ट. आजकालची सॉफ्टवेअर काहीही पुसायच्या आधी दहा वेळा विचारतात, नक्की ना, पुन्हा विचार करा. सोळाखणी विचारत नाही. पुसलं की पुसलं. मागे घ्यायची सोय नाही.

अशा या सॉफ्टवेअरसाठी मुंबईपासून नागपूरपर्यंतचे संगीतवाले जीव टाकतात. जुने कॉम्प्युटर जपून ठेवतात, त्यांना इंटरनेटचा वाराही लागू देत नाहीत, पंखा मंदावला तर बाहेरून टेबलफॅन लावतात. कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक म्हणतो, त्यातून आवाज जरा खरबरीत निघतो, जात्यावरच्या पिठासारखा. दुसरा म्हणतो, खण सोळाच असल्यामुळे डोकं चालवावं लागतं. तिसरा काहीच सांगत नाही, दार लावून वाजवत बसतो.

वॉरंटी संपलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव जडतो, त्याला औषध नाही.

पण धैर्यशीलचं दुखणं वेगळं होतं. त्या दुखण्याचं नाव बिरू कोळेकर.

बिरू कवठेमहांकाळकडचा. वरातीची, जत्रेची, हळदीची गाणी करायचा. वस्तादांचाच शिष्य, पण धैर्यशील पुण्याला निघून गेल्यानंतर आलेला. दुपारपर्यंत झोपणारा, चमकी शर्ट घालणारा, गालात मावा धरून बोलणारा. कबूल केलेलं गाणं ठरल्या दिवशी त्यानं कधी दिलं नाही. हे सगळे दोष धैर्यशीलला पाठ होते. कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगायचा.

आणि तरीही बिरूच्या प्रत्येक गाण्यात ढोलकीच्या डाव्या पुडीवरची, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्यावरची, एक खोल थाप असायची. ती पडली की माणसं उठायची.

धैर्यशीलनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही सख्ख्या चुलतबहिणीच्या हळदीत. आधी धैर्यशीलनं पुण्याच्या स्टुडिओत केलेलं गाणं लागलं. माणसं पाणी प्यायला गेली. मग बिरूचं लागलं. ती थाप पडली, आणि गुडघे धरून खुर्चीत बसलेली त्याची मोठी काकू पदर खोचून उभी राहिली.

काकूशी तो अजूनही नीट बोलत नाही.

त्या दिवसापासून तो बिरूला पाण्यात पाहू लागला. बिरूचं गाणं कुठे वाजलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गाडीत असला तर काच वर करायचा. आणि एकटा असला तर तेच गाणं लावून, ती थाप येईपर्यंत ऐकायचा, थाप आली की बंद करायचा. परत लावायचा.

मग त्यानं ती चोरली. या धंद्यात चोरी म्हणत नाहीत, उचलणं म्हणतात. बिरूच्या गाण्यातून ती थाप कापून त्यानं आपल्या स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर मांडली. थापेच्या शेपटाला काहीतरी घाण होती, बारीक घरघर. त्याच्यासारखा नीटनेटका माणूस ती कशी ठेवील? त्यानं ती साफ केली. थाप जरा उशिरा पडत होती, ती जागेवर आणली.

सगळं झाल्यावर बटण दाबलं. थाप मेली होती.

मग धैर्यशीलनं ठरवलं की जादू मशीनमध्ये आहे. हेवा करणाऱ्याला असं काहीतरी ठरवावंच लागतं. समोरचा माणूस मोठा असेल तर पंचाईत, पण त्याचं मशीन मोठं असेल तर ते मिळवता येतं. सोळाखणीची नक्कल करणारी जेवढी नवी सॉफ्टवेअर निघाली, तेवढी त्यानं घेतली. एकातही ती थाप आली नाही.

आणि मग बातमी आली. वस्तादांना आता खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झालेत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होईल, आणि मशीन बिरूच्या घरी जाईल.

आज खंडेनवमी होती.

“मी त्याच्या आधीचा आहे,” धैर्यशील म्हणाला.

वस्तादांनी देठ खुडला.

मग धैर्यशीलनं घोकलेलं भाषण सगळं म्हणून टाकलं. मशीन त्याच्याकडे एसीत राहील, काचेच्या आड राहील. बाहेरच्या पाटीवर वस्तादांचं नाव लागेल. मोठमोठे लोक येऊन बघतील. आणि बिरूकडे काय होईल? तो की-बोर्डवर मावा सांडेल, मशीनवर चहाचा कप ठेवेल, वर्षाच्या आत भंगारात घालेल. हे बोलताना त्याचं मराठी अगदी पुण्याचं झालं होतं, शब्द इस्त्री केलेले.

वस्तादांनी ऐकून घेतलं. एक बेदाणा तोंडात टाकला आणि एक त्याच्यापुढे केला. धैर्यशीलनं तो घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

“माझी थाप तरी ठेवलीय का त्यात अजून?” त्यानं विचारलं.

ही वस्तादांची रीत होती. शिकवल्याचं ते काही घेत नसत. शिकून निघालेल्या शिष्यानं जाताना ढोलकीवर एक थाप मारायची, ती सोळाखणीत राहायची. सोळाही खण भरल्यावर नव्या शिष्याची थाप आली की वस्ताद डोळे मिटून सगळ्या ऐकायचे आणि एक काढून टाकायचे. कुणाची काढली ते सांगायचे नाहीत. खणावर नाव लिहायला त्यांची सक्त मनाई होती. नाव दिसलं की कान नावाकडे जातो, असं त्यांचं म्हणणं.

धैर्यशीलला आपली थाप आठवत होती, आणि आठवली की लाज वाटायची. तेव्हा वस्ताद एसटी स्टँडासमोर राहायचे. खांद्याला बॅग, डोक्यात पुणे. वस्तादांनी माइक पुढे धरला आणि यानं उभ्याउभ्याच डावा हात एकदा हाणला, पाया पडला न पडला आणि जिना उतरून पळाला. असली थाप वस्तादांनी कधीच काढून टाकली असणार, असं तो धरून चालला होता. आणि तिच्या जागी कुणाची भरली असेल, हेही तो धरून चालला होता.

“असंल,” वस्ताद म्हणाले. “नसंल.”

खाली गोडाऊनमध्ये कुणीतरी क्रेट ओढत होतं.

मग वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“धैर्या, तुला मशीन पायजे, का त्याला मिळू नये असं पायजे?”

...

धैर्यशीलच्या ओठांवर एक चांगलं उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. वस्तादांपुढे खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. बाकी सगळीकडे होती.

“त्याला मिळू नये,” तो म्हणाला.

“बरं.”

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी बेदाण्याचा कागद चारी बाजूंनी गोळा केला, हात झाडले, टोपी घातली. बिरू येईल एवढ्यात, झेंडू अजून आणायचा राहिलाय, म्हणाले. दारात चपला घालता घालता मागे न बघता एवढंच बोलले,

“मशीन सांभाळ.”

जिन्यावर त्यांची पावलं खाली गेली.

धैर्यशीलनं उठून चादर काढली.

मशीन आधीपासूनच चालू होतं. आतला पंखा दम लागल्यासारखा फिरत होता. राखाडी पडदा, सोळा खण, नाव एकावरही नाही. यासाठी आपण एवढे वेडे झालो, असं त्याला क्षणभर वाटलं आणि त्यानं पहिला खण दाबला.

चाटेवरची, म्हणजे पुडीच्या काठावरची थाप. चांगली होती. दुसरी त्याहून बरी. तिसरी अगदीच फुसकी, ती वस्तादांनी का ठेवली कोण जाणे. तो एकेक दाबत गेला. कुणी जोरात मारली होती, कुणी घाबरत. इतक्या माणसांचे हात, आणि एकाचंही नाव नाही.

खालच्या ओळीत ती सापडली.

गाण्यात ती इतर वाद्यांच्या गर्दीत असायची. इथे एकटी होती. दाबली तशी ती आधी छातीत वाजली आणि मग कानात आली. धैर्यशीलच्या अंगावर काटा आला. त्यानं पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. त्याला काकूवरचा आपला राग आठवला आणि तो राग चुकीचा होता हेही कळलं, कारण या थापेला कुणीही उठलं असतं. तो स्वतः उभा होता. कधी उठला ते त्याला समजलं नव्हतं.

इतकी सुंदर थाप, आणि ती बिरूची.

त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. मावा खाणाऱ्या, दुपारपर्यंत झोपणाऱ्या माणसाच्या हातात हे यावं आणि आपल्या हातात येऊ नये, याला काय म्हणायचं? आपण काय कमी केलं? मशीन जाऊ दे त्याच्याकडे, असं त्याच्या मनात आलं. खुशाल जाऊ दे. पण ही थाप त्यात नसेल, तर बिरूकडे राहणार काय? राखाडी डबडं.

त्यानं बोट पुसायच्या बटणावर नेलं. नुसतं ठेवून बघू, असं स्वतःला सांगितलं.

मग दाबलं.

सोळाखणीनं काही विचारलं नाही. खण तसाच राहिला, फक्त त्याचा रंग थोडा फिका झाला. दुखरी दाढ निघाल्यावर वाटतं तसं धैर्यशीलला हलकं वाटलं. त्यानं चादर परत नीट घातली, जागेवर येऊन बसला, आणि हातातला बेदाणा अखेर खाल्ला.

जिन्यावर आवाज झाला. वस्ताद झेंडूचा पुडा घेऊन आले. त्यांच्या मागून बिरू आला. चमकी शर्ट, काखेत ढोलकी, हातात पेढ्यांचा बॉक्स. धैर्यशीलला बघून तो मनापासून खूश झाला आणि पाया पडायला वाकला. थोरला गुरुभाऊ तो, पाया पडायलाच हवं. धैर्यशीलनं पाय मागे घेतले.

पूजा सुरू झाली. बिरूनं चादर काढली, मॉनिटरला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं, ढोलक्यांनाही लावलं. मग हजेरी.

ही हजेरी धैर्यशील विसरला होता. इतक्या वर्षांत तो खंडेनवमीला कधी आलाच नव्हता.

खंडेनवमीला सोळाही खण ओळीनं वाजवायचे, असा तिथला नेम होता. जे शिकून गेले, ज्यांना यायला जमत नाही, जे आता हयात नाहीत, ते सगळे त्या दिवशी एकदा वाजले पाहिजेत. वस्तादांना खालचे आवाज ऐकू येत नव्हते, म्हणून त्यांनी स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

बिरू दाबत गेला. पहिली, दुसरी, तिसरी. वस्तादांची मान प्रत्येक थापेला हलत होती.

खालची ओळ आली. बिरूनं दाबलं.

...

वस्तादांचा तळहात लाकडावर तसाच राहिला. मान हलली नाही.

बिरूनं पुन्हा दाबलं. वायर हलवून पाहिली. स्पीकरवर टिचकी मारून पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“वस्ताद... हितं कायच न्हाई.”

“मी पुसली,” धैर्यशील म्हणाला.

त्याला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. त्यासाठी तो तयार होता, खरं तर वाटच बघत होता. पण बिरू खाली फरशीवर बसला. माणूस गेल्याची बातमी ऐकल्यावर बसतात तसा.

“का, दादा?”

“तुझी होती म्हणून.”

बिरूला काही समजेना. तो वस्तादांकडे बघू लागला, मग परत याच्याकडे.

“माजी? माजी कशी आसंल?” त्यानं हात लांब करून वरच्या ओळीतला तिसरा खण दाबला. तीच ती फुसकी थाप. “माजी ही हाय. फुटाना फुटल्यागत वाजती. दर वर्षी हजेरीला मीच हसतो.”

धैर्यशीलनं खालच्या ओळीकडे बोट केलं.

“मग ती कुणाची?”

बिरूनं मान हलवली. ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो इथे आला तेव्हा ती थाप आधीपासूनच होती. वस्तादांना विचारून विचारून थकला, वस्तादांनी कधी सांगितलं नाही. प्रत्येक गाण्यासाठी इथे येऊन तो मशीनवरून तीच वाजवायचा. स्वतःच्या हातात तसली थाप नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“मी त्या मानसाचा लई हेवा केलाय, दादा,” बिरू म्हणाला. “लई म्हंजे लई. गानं माजं वाजायचं, लोक माजी पाठ थोपटायचे, आनी मी मनात त्याला शिव्या द्यायचो. आसली थाप मारून गेला कुटं हा गडी? परत आला का न्हाई?”

बिरूनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

“आनी जाताना लई घाईत हुता. थापंच्या शेपटाला बारीक हॉर्न ऐकू येतो, एसटीचा. मी तेवढा कदी काडला न्हाई. वाटायचं, हॉर्न काडला तर मानूसच जाईल त्यातला.”

...

धैर्यशीलला स्टँड आठवला. पुण्याची गाडी आठवली. खाली ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि वर वस्ताद माइक धरून म्हणतायत, एक मार आणि जा.

त्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

आता खरं ते सांगायला हवं. त्याच्या मनात पहिल्यांदा पश्चात्ताप आला नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की काकू माझ्या थापेला उठली होती. सगळ्या वराती, सगळ्या हळदी, सगळी माणसं माझ्या थापेला उठली, आणि नाव झालं बिरूचं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. फुटाण्यासारखी थाप मारणारा माणूस माझ्या हातावर मोठा झाला, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

मग दुसरी गोष्ट सावकाश त्याच्या लक्षात आली. बिरूच्या गाण्यांच्या गर्दीत मिसळलेली सोडली, तर ती थाप आता कुठेच नव्हती.

“ढोलकी दे,” तो बिरूला म्हणाला. “माइक लाव.”

बिरू समजला. त्याचे डोळे मोठे झाले. तो काही न बोलता उठला आणि त्यानं माइक लावला.

धैर्यशीलनं मनगटातलं घड्याळ काढलं, अंगठी काढली, मांडी घातली आणि डाव्या पुडीवर थाप मारली. गोल, भरीव, बिनचूक थाप. कुठल्याही स्टुडिओत चालली असती.

“चांगली हाय,” बिरू हळूच म्हणाला.

वस्तादांचा तळहात स्पीकरवर होता. मान हलली नाही.

त्यानं पुन्हा मारली. जोरात मारली, हलकी मारली, मनगट सैल सोडून मारली. मग तो उभा राहिला. लॅपटॉपची बॅग उचलून त्यानं खांद्याला अडकवली आणि ढोलकी मांडीला टेकवून, निघायच्या घाईत असल्यासारखा, उभ्याउभ्याच हात हाणला.

बिरूनं मान दुसरीकडे फिरवली. त्याला बघवेना.

वस्तादांची मान हलली नाही.

धैर्यशील बॅग खांद्यालाच ठेवून खाली बसला. त्याचं पुण्याचं मराठी कुठच्या कुठे गेलं होतं.

“न्हाई यायची ती आता. व्हय ना, वस्ताद?”

“न्हाई.”

“त्या दिवशी आली हुती.”

“त्या दिवशी तुला कुनाचं काय बघायचं नव्हतं. तुला गाडी धरायची हुती.”

खाली क्रेट ओढायचा आवाज थांबला होता. बिरूनं पेढ्यांचा बॉक्स उघडला, कुणाला द्यावा ते न कळून परत मिटला. पूजा अर्धीच राहिली होती, उरलेले खण अजून वाजायचे होते, पण पुढचं बटण दाबायला त्याचा हात होईना. मशीन त्याला मिळणार होतं, आणि त्याला ते आता नको वाटत होतं. मशीनकडे बघितलं की त्या फिक्या खणावरच त्याचे डोळे जात होते.

एकदम धैर्यशीलचा आवाज चढला.

“तुमाला म्हाईत हुतं. पयल्यापासनं म्हाईत हुतं, ती माजी हाय.”

“व्हय.”

“मी हितं बसून तुमाला विचारलं, माजी थाप हाय का. तवा एक शब्द बोलला आसता तर? एक शब्द, वस्ताद. मी कशाला पुसली आसती? का न्हाई सांगितलं?”

वस्तादांनी स्पीकरवरचा हात काढला. पुड्यातलं उरलेलं एक झेंडूचं फूल उचललं आणि त्या रिकाम्या खणाच्या बटणावर ठेवलं. मग धैर्यशीलच्या खांद्यावरची बॅग उतरवून बाजूला ठेवली.

“सांगितलं आसतं,” ते म्हणाले, “तर मग कुनाची पुसली आसतीस?”